तिसऱ्या गुणसूत्रावरची पळवाट

माणसाला थुंका म्हटलं की त्याला थुंकता येत नाही. चाकणच्या चौकात सिग्नल लागला की रिक्षातून, बसमधून, कंटेनरच्या केबिनमधून ज्यांच्या पिचकाऱ्या सुटतात, त्यांच्यापैकीच एखाद्याच्या हातात मी नळी देतो आणि म्हणतो, "दादा, या रेघेपर्यंत भरा." तो नळीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि त्याचं तोंड कोरडं ठणठणीत पडतं. शिवाय फेस धरायचा नसतो, खाली बसलेली लाळच मोजायची असते, त्यामुळे पंधरा-पंधरा मिनिटं माणसं गाल चोळत बसतात. त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. मी समोर बसून कैरीबद्दल बोलतो. कशी चिरायची, मीठ किती, तिखट किती, पहिल्या फोडीला डोळा कसा आपोआप मिटतो. पाच मिनिटांत रेघ गाठली जाते. एवढंच की बोलता बोलता माझंही तोंड सुटतं, आणि दिवसाला चार गिऱ्हाइकं झाली की कैरी न खाताच माझे दात आंबतात.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या हातून जे घोळ झाले त्यातले निम्मे समोरच्याने मला डॉक्टर समजल्यामुळे झाले आणि उरलेले निम्मे मी त्याला तसं समजू दिल्यामुळे.

एकतीस वर्षं मी पिंपरी-चिंचवडातल्या एका लॅबसाठी नमुने गोळा करतो आहे. सकाळची उपाशीपोटीची साखर, वाकडमधलं बाराव्या मजल्यावरचं कोलेस्टेरॉल, चाकणच्या कंपन्यांमधल्या कामगारांची वार्षिक तपासणी. माणसातून जे जे निघतं ते बाटलीत घालायचं, वर नाव लिहायचं, थंड पेटीत ठेवायचं आणि स्कूटरवरून लॅबला पोचवायचं. त्यात काय सापडलं ते वर एसीत बसलेली माणसं बघतात. माझा संबंध शीर सापडण्यापुरता. पण लोकांना सुई टोचणाराच दिसतो, सूक्ष्मदर्शकातून बघणारा दिसत नाही. मग ते मलाच विचारतात, "काका, काय वाटतंय?" आणि खोटं कशाला बोलू, मला विचारलेलं आवडतं.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. गुडघे आधीच निवृत्त झालेत. वाकडच्या इमारतींत लिफ्ट असते, पण कासारवाडी, दापोडीकडच्या जुन्या चाळींत चौथ्या मजल्यावरच्या आजीला साखर असते आणि जिना असतो. आताशा दुसऱ्या मजल्यावर पोचलो की मी उभा राहतो आणि भिंतीवरचं मीटर वाचत असल्याचं नाटक करतो.

लाळेचं हे प्रकरण आलं दोन वर्षांपूर्वी. आमच्या डॉक्टरांनी एका कंपनीशी करार केला. लाळेतून डीएनए काढायचा आणि महिन्याभरात मोबाइलवर रिपोर्ट द्यायचा. तुमचे पूर्वज कुठकुठून आले, तुम्हाला दूध पचतं का, टक्कल पडेल का, आणि अगदी शेवटच्या पानावर, तुमच्यात निअँडरथल किती. आम्हा नमुने गोळा करणाऱ्यांना त्यासाठी दोन दिवसांचं शिक्षण दिलं. शिकवायला पडद्यावर केतकी मॅडम होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं असं स्वच्छ की मला पहिल्यांदाच एखादं व्याख्यान झोप न लागता ऐकता आलं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. फार पूर्वी, म्हणजे पन्नासेक हजार वर्षांमागे, युरोपात आणि आशियाच्या पश्चिमेला निअँडरथल नावाची माणसांची दुसरी एक जात राहत होती. ठेंगणी, दणकट, भुवयांचं हाड पुढे आलेलं. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले, वाटेत त्यांची यांच्याशी गाठ पडली. भांडणं झाली असतील, पण संसारही झाले, मुलं झाली. पुढे ती दणकट माणसं संपली. पण त्या मुलांच्या मुलांमधून त्यांचे तुकडे राहिले, आणि आज आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक माणसात दीड-दोन टक्के ती माणसं आहेत. तुमच्यात एक तुकडा, माझ्यात दुसरा.

हे मला पटायला वेळ लागला नाही. इथे आयुष्य काढलेल्या माणसाला लागूच नये. आमच्याकडे एखादी मोठी कंपनी बंद पडते, गेटला कुलूप लागतं, चार वर्षांत तिथे टॉवर उभे राहतात. पण तिची लेथ भोसरीच्या कुठल्या तरी शेडमध्ये चालू असते. चालवणाऱ्या पोराला त्या कंपनीचं नावही माहीत नसतं. यंत्र मात्र आपलं काम करत असतं, कधी बरं, कधी बोट कापणारं. मी हे केतकी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, हे मी पुढच्या बॅचला वापरू का?" त्यानंतर दोन दिवस मला घरात कुणी काही बोलू शकत नव्हतं.

एवढ्या विद्येवर मी बाजारात उतरलो. चाकणजवळच्या एका गावात जुनं बागायतदार घराणं होतं. आता बागाईत गेली, तिथे गोदामं आली. घरातले कर्ते म्हणजे नाना. त्यांच्या आयटीतल्या नातवाने घरातल्या सगळ्यांसाठी किट मागवली. आजींचा नमुना दोनदा परत आला, कारण त्या मिश्री लावायच्या आणि मला ते सांगायच्या नाहीत. तिसऱ्या वेळी मी त्यांच्यासमोर तासभर पाण्याच्या चुळा मोजत बसलो. नानांचा मात्र पहिल्या झटक्यात झाला. रिपोर्ट समजावून सांगायला गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते.

"ह्ये शेवटल्या पानावर काय हाय?"

मी सांगितलं. नानांचा झोपाळा थांबला.

"म्हंजी आमच्या घरात कोन शिरला व्हता?"

"तसं नाही नाना, सगळ्यांच्याच घरात शिरला होता."

"सगळ्यांचं सोडा. आमचं खानदान हाय. असलं काय न्हाई आमच्यात. मशिन चुकलं आसंल तुमचं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोरचा नाराज झाला की मला राहवत नाही. त्याला बरं वाटेल असं काहीतरी माझ्या तोंडून निघतंच. नानांच्या व्याह्यांचाही नमुना मीच घेतला होता, आणि मी बोलून गेलो, "व्याह्यांच्यापेक्षा तुमच्यात थोडं जास्तच निघालंय."

झोपाळा पुन्हा सुरू झाला. "जास्त? म्हंजी आमी जुनं."

"तसं म्हणता येईल," मी म्हणालो. तसं म्हणता येत नाही. पण नाना खूश झाले, मला खरवस मिळाला, आणि पुढच्या आठवड्यात घरातल्याच एका साखरपुड्याच्या पंगतीत नानांनी व्याह्यांना सगळ्यांदेखत विचारलं, की तुमचं एवढं कमी कसं काय. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणं हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. व्याह्यांची तक्रार आली. आमच्या डॉक्टरांनी मला समोर उभं करून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही लोकांना बरं वाटावं म्हणून का बोलता?" मी म्हणालो, सवय आहे. ते म्हणाले, "ही सवय एक दिवस कुणाच्या तरी जिवावर येईल."

ती आधीच येऊन गेली होती. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं.

आता सोपानबद्दल लिहितो. त्याला विचारून लिहितोय, नाव मात्र बदललंय.

सोपान लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर काम करतो आणि कासारवाडीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. ओळख मात्र झाली ती कोरोनात, कंपनीच्या गेटवर मांडव घालून मी नाकातले स्वॅब घेत होतो तेव्हा. त्या दिवसांत मी माणसं नाकावरून ओळखायचो. पहिल्या लाटेत त्या मांडवात माझं एक नाव झालं होतं. स्वॅब देताना घाबरलेला कामगार विचारायचा, "काका, काय निघंल?" मी त्याचं तोंड बघून सांगायचो, "काही नाही, निगेटिव्ह." आणि तो निगेटिव्ह निघायचा. कारण तेव्हा त्या कंपनीत बहुतेक सगळेच निगेटिव्ह निघत. सगळ्यांना एकच भविष्य सांगितलं की दहातल्या नऊ जणांत ज्योतिषी म्हणून नाव होतं, आणि उरलेला एक तक्रार करायच्या स्थितीत नसतो.

मग दुसरी लाट आली. सोपानच्या लाइनवरचा एक जण पॉझिटिव्ह निघाला, म्हणून त्याच्या जवळ काम करणाऱ्या सगळ्यांचे स्वॅब घ्यायचे होते. रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी घरी जायचं नाही, कंपनीने ट्रेनिंगच्या हॉलमध्ये खाटा टाकल्या होत्या तिथे राहायचं, असा नियम. सोपानचा नंबर आला. तो नाक पुढे करायच्या आधी बोलायला लागला.

"काका, हॉलमध्ये राहा म्हणालेत. घरी अण्णा एकटे हायत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, चार-चार तासाला थेंब सोडायचेत. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. अण्णांना स्वतःला जमत न्हाई, गालावर पाडतात सगळं. जाऊ का घरी?"

अण्णा म्हणजे त्याचे वडील. मोतीबिंदूसाठी गावाहून आले होते.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. प्लास्टिकच्या डगल्यात, वाफ धरलेल्या चष्म्यातून मला काय डोंबल दिसणार होतं. पण मागे रांग होती, रांग ऐकत होती, आणि समोरचा माणूस नाराज होता.

"अरे, तोंडावर तेज बघ तुझ्या," मी म्हणालो. "तू पॉझिटिव्ह निघालास तर मी सुई सोडीन. जा बिनधास्त."

तो गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. त्याला स्वतःला नुसतं सर्दी-पडसं झालं. अण्णांना पाचव्या दिवशी ताप आला. बेड मिळाला, तोही नशिबाने लवकर मिळाला. तेराव्या दिवशी दवाखान्याने सोपानला फोन करून अण्णांचा मोबाइल आणि चष्मा घेऊन जायला सांगितलं.

मी सुई सोडली नाही.

सोपान त्याबद्दल मला कधी एका शब्दाने बोलला नाही. भाजीच्या गाड्यावर भेटला की हात करायचा. मीच गल्ली बदलायचो. त्याची बायको सुनंदा दुसरी मुलगी घेऊन माहेराहून आली, वर्षं गेली. मग एकदा धाकटीच्या तापाचं रक्त घ्यायला मला त्या घरी जावं लागलं. सोपान फर्स्ट शिफ्टला गेला होता. सुनंदाने पोरीला धरलं, मी रक्त घेतलं, आणि निघताना ती म्हणाली, "काका, जरा बसा. तुमच्याशी बोलायचंय."

तिने सांगितलं ते असं. सोपानची आई, ज्यांना तो माय म्हणतो, गावी एकट्याच राहतात. त्यांच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. चुलीतला जाळ दिसत नाही, दोनदा हात भाजलाय. इथे आणून ऑपरेशन करायचं तर सोपान ऐकत नाही. स्वतः गावी जातो तेव्हा अंगणात उभा राहून बोलतो आणि त्याच दिवशी परत फिरतो. आईच्या छपराखाली एक रात्र झोपलेला नाही.

"म्हणतात, माझ्या घरात म्हातारं माणूस टिकत न्हाई. मी कंपनीतून काय घेऊन येतो मला कळत न्हाई." सुनंदाने पोरीच्या दंडावरचा कापूस दाबून धरला होता. "तुमी सांगा की काका. तुमचं ऐकतात ते."

मी चहा अर्धा ठेवून उठलो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी केतकी मॅडमच्या शिक्षणाला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की निअँडरथलकडून आलेले काही तुकडे आपल्या फायद्याचे आहेत, काही तोट्याचे. उदाहरणार्थ आपल्यापैकी काहींच्या तिसऱ्या गुणसूत्रावर त्यांच्याकडून आलेला एक तुकडा असतो. ज्यांच्यात तो आहे त्यांना कोरोना जास्त जड गेला.

मी हात वर केला. "मॅडम, हा तुकडा आपल्याकडच्या लोकांत असतो?"

"आपल्या भागात बराच आढळतो. युरोपातल्यापेक्षा जास्त."

"म्हणजे तो असला तर माणूस दगावतो."

"धोका वाढतो. पण एकूण बघायला गेलं तर वय हे त्याहून फार मोठं कारण आहे, काका. त्या एका तुकड्यावर सगळं ढकलता येत नाही."

मी पहिलं वाक्य ऐकलं. पुढची दोन माझ्या कानांनी घेतलीच नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण विचार करा. तीन वर्षं ज्या पापासाठी मी गल्ली बदलत होतो, ते माझं नव्हतं, सोपानचंही नव्हतं. कुठल्या तरी गुहेतल्या, भुवया पुढे आलेल्या एका माणसाचं होतं. त्याला आपली बाजू मांडता येत नव्हती, त्याला वकील नव्हता, आणि पन्नास हजार वर्षांत त्याचे कुणी नातेवाईकही उरले नव्हते जे तक्रार करतील. इतका सोयीचा आरोपी मला जन्मात भेटला नव्हता.

कर्मचाऱ्यांना एक किट फुकट होतं. बायको म्हणाली होती, माझं करा. मी ते सोपानकडे घेऊन गेलो. त्याला सगळं समजावलं, लेथसकट. "अण्णांच्यात तो तुकडा असणार," मी म्हणालो. "तू घरी गेलास ते नुसतं निमित्त. तुझ्यात बघू, म्हणजे अण्णांचं कळेल. आणि कळलं की मायला घेऊन ये."

त्याने नळी हातात घेतली. त्याला कैरी सांगावी लागली नाही.

"आन नसला तर?" त्याने विचारलं.

"असणारच. तुझ्या तोंडा..." म्हणालो आणि जीभ चावली.

हा तुकडा त्या रिपोर्टात छापत नाहीत. मी सोपानची सही घेऊन केतकी मॅडमच्या मागे लागलो, त्यांनी मूळ माहितीत बघून द्यायचं कबूल केलं. महिन्याने त्यांचा फोन आला तेव्हा मी पिंपरीत एका कंपनीच्या बाहेर स्कूटरवर बसून डबा खात होतो.

"काका, त्यांच्यात तो तुकडा नाही. दोन्हीपैकी एकाही प्रतीवर नाही."

"मग अण्णांच्यात नव्हता?"

"तसं नाही सांगता येत. प्रत्येकाकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. पुढे मुलाला देताना त्यातलंच काहीतरी एक जातं. अण्णांच्या एका प्रतीवर तो असेल आणि मुलाला दुसरी गेली असेल. किंवा मुळातच नसेल. आता कळायला मार्ग नाही."

"पण असू शकेल."

"असू शकेल. अण्णांचं वय काय होतं?"

"बहात्तर."

"शुगर?"

"होती."

 मी डब्याला झाकण लावलं.

पिंपरीहून कासारवाडीला स्कूटरवर पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मी खोटं बोलायचं ठरवलं आणि त्याची रंगीत तालीमही केली. सोपान सेकंड शिफ्टला निघायच्या बेतात होता, धाकटी मुलगी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या आयकार्डची दोरी चावत होती. मी दारातच म्हणालो, "सापडला. तुकडा सापडला. मी म्हटलं होतं ना."

मला वाटलं त्याचा चेहरा सैल पडेल. पण त्याने आधी पोरीच्या तोंडातली दोरी काढून घेतली.

"सापडला म्हणजे माझ्यात?"

"हो."

"मग पोरींत पण असंल."

मी याचा विचारच केला नव्हता. तालमीत हे पात्र नव्हतं.

सोपानने धाकटीला मांडीवरून उचललं आणि खाली ठेवलं. हळूच, काचेची वस्तू ठेवावी तसं. मग खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे आता ह्यांच्यापासून बी लांबच राहावं लागंल," तो म्हणाला. सुनंदाला नाही, मला नाही, नुसतंच म्हणाला. पोरगी पुन्हा त्याच्या गुडघ्याला लोंबकळली आणि त्याने तिला हात लावला नाही.

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या. इतक्या लवकर अंगाशी आलेली ही एकच.

"नाही सापडला," मी म्हणालो. "सोपान, ऐक, नाही सापडला. तुझ्यात नाही. म्हणजे तुझ्याकडून पोरींना जायचा प्रश्नच नाही. अण्णांच्यात होता की नाही ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी खोटं बोललो."

"कशाला?"

"तुला घरी जा म्हणणारा मी होतो म्हणून."

हे वाक्य मी इतकी वर्षं आत धरून ठेवलं होतं की बाहेर आल्यावर ते फारच लहान वाटलं. सोपान पाय हलवत बसला होता. मग म्हणाला, "ते मला ठाऊक हाय की."

"मी तुझं तोंड बघून..."

"काका, तुमच्या रांगेत यायच्या आधी मी कंपनीच्या डॉक्टरला विचारलं होतं. ते म्हणाले, हॉलमधीच राहा. मग सुपरवायझरला विचारलं. तो बी म्हणाला, राहा. मग तुमच्याकडं आलो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुमी जा म्हणणार, हे सगळ्या लाइनला माहीत होतं. म्हणून तर तुमाला विचारलं."

मी स्वतःला इतकी वर्षं गुन्हेगार समजत होतो. त्या दिवशी कळलं की मी नुसता रबरी शिक्का होतो, ज्याला पाहिजे त्याने उचलावा आणि मारावा. याने बरं वाटायला हवं होतं. पण एकतीस वर्षं लोकांना माझ्या तोंडून बरं वाटायचं त्याची ही किंमत होती, आणि तीही मी नाही, अण्णांनी भरली होती.

 स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. हात पिठाचे होते.

"तुमचं दोघांचं झालं का?" ती म्हणाली. "झालं असंल तर मायचं सांगा. तिचा डोळा पिकलाय. त्या डोळ्याला तुमच्या त्या तुकड्याचं काय देणंघेणं?"

"तसं न्हाई सुनंदा," सोपान म्हणाला. "इथं आणली आन तिला काय झालं तर?"

"तिथं चुलीत पडली तर? ते तुमी केलं न्हाई म्हणून चालंल का?" तिने धाकटीला उचलून कडेवर घेतलं. "शुक्रवारी मी जाऊन घेऊन येते. तुमाला लांब राहायचंय तर राहा लांब. घर माझं बी हाय."

सोपानने डब्याची पिशवी घेतली आणि शिफ्टला गेला. मीही निघालो. त्या दिवशी कुणालाच बरं वाटेल असं मी काही बोललो नाही, आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मला कुणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी सुनंदा खरंच गेली आणि रविवारी माय आल्या. सोमवारी सकाळी मला बोलावणं आलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून घ्यावं लागतं.

मायना खिडकीशी खाटेवर बसवलं होतं. उजव्या हातावर भाजल्याचा डाग होता, म्हणून मी डावा मागितला. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दिसतात, पण बोट लावलं की सरकतात, घाई करून चालत नाही. मी दंडाला पट्टा बांधला. सोपान बाहेरच्या दाराजवळ, चपलांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. माय आल्यापासून तो तिथेच आहे, सुनंदाने मला डोळ्यांनी सांगितलं.

"दारात कोण बसलंय?" मायनी मला विचारलं.

"सोपान आहे."

"तोंडाला काय बांधलंय त्यानं?"

"मास्क आहे आजी. तुम्हाला काही लागू नये म्हणून."

"घरात बी?"

दाराजवळून सोपान म्हणाला, "कंपनीत लई माणसं असतात माय. कुणाला काय असतंय, कळत न्हाई."

मायनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. डोळे पांढुरके झाले होते, त्या नेमक्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, थोड्या बाजूला भिंतीकडे बघत होत्या.

"आधीच मला धुरकट दिसतंय," त्या म्हणाल्या, "त्यात तू निम्मं झाकून बस. तुझ्या बापाचं तोंड मला बघाया मिळालं न्हाई. गुंडाळून नेलं म्हणाले. आता तुझं बी न्हाई का?"

सोपान उठला. मास्क काढून त्याने तो शर्टाच्या खिशात घातला, दोन पावलं आला आणि खोलीच्या मध्यावर थांबला. तिथून पुढे त्याचे पाय येत नव्हते.

"अजून ये," माय म्हणाल्या. "तिथवरचं दिसत न्हाई मला."

शीर मला सापडली होती. मी पट्टा सोडला, सुई परत झाकली आणि माझं स्टूल खाटेपासून मागे घेतलं.